दुकानाच्या बिलावर शिकलेली जावास्क्रिप्टची तयार फंक्शन्स

मे महिना म्हणजे गोव्यात पुरुमेंताचा महिना. पाऊस लागायच्या आत सोलां (कोकमं), मिरसांग (मिरची), सुकी सुंगटां (कोळंबी), उकडे तांदूळ असं सगळं घराघरांत भरून ठेवतात, आणि दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. फोंड्याला माझ्या मामांचं भुसारी दुकान आहे. त्यांच्यासाठी मी जावास्क्रिप्ट या ब्राउझरला कळणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बिलाचं एक पान करून दिलं होतं. ते ब्राउझरमध्ये उघडतं आणि इंटरनेट नसलं तरी चालतं.

त्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या बिलात तीन जिन्नस होते : उकडे तांदूळ १,२५० रुपयांचे, सोलां ४८०ची, मिरसांग ६२०ची. पानानं एकूण दाखवली १,१०१. मामा तोंडी हिशेब करणारे. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं, "रे, हें बिल चुकलां" म्हणाले आणि वहीत २,३५० लिहून गिऱ्हाइकाला मोकळं केलं.

रात्री शोधलं तेव्हा कळलं की तांदळाचे १,२५० रुपये कोडनं १ रुपया असे धरले होते. पार्सइंट हे मजकुरातून संख्या काढणारं फंक्शन (भाषेत तयार मिळणारी आज्ञा) स्वल्पविरामापाशी थांबतं. ते तसंच बनवलेलं आहे आणि मी ते न तपासता वापरलं होतं. तेव्हापासून कुठलंही तयार फंक्शन हातात घेतलं की मी तीन गोष्टी बघतो : आत काय जातं, बाहेर काय येतं, आणि मूळ माल जागच्या जागी राहतो का. हा लेख त्याच तीन प्रश्नांच्या वाटेनं जातो. उदाहरणं बिलाचीच आहेत, भाव मात्र समजावण्यापुरते.

आधी एवढी तयारी करा

संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स ब्राउझर उघडा, एफ१२ दाबा आणि कन्सोल नावाच्या भागात जा. तिथे एक ओळ लिहून एंटर मारलं की उत्तर लगेच समोर येतं. वेगळं काही बसवायची गरज नाही. पुढची प्रत्येक गोष्ट तिथे स्वतः टाइप करून बघा, नुसतं वाचून हे अंगवळणी पडत नाही.

इथे मी फंक्शन्सची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीतच लागतात, आणि त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जावास्क्रिप्ट अगदी काटेकोर पाळते. दोन इंग्रजी शब्द जोडून बनलेल्या नावात दुसरा शब्द कॅपिटलनं सुरू होतो : पार्स आणि इंट जोडले की मधला आय मोठा, टू आणि फिक्स्ड जोडले की एफ मोठा. मॅथ, नंबर, डेट, जेसन यांची सुरुवात मोठ्या अक्षरानं होते (जेसनची तर चारही अक्षरं मोठी). शिकणाऱ्यांच्या पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच चुका इथल्याच असतात. आकड्यांचंही तसंच : लेखात ते देवनागरीत आहेत, कोडमध्ये इंग्रजी आकडे टाका. देवनागरी आकड्यांचं काय होतं ते लवकरच येतंय.

एक सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. कुठल्याही उत्तराच्या आधी टाइपऑफ लावून बघा (हे मात्र सगळं लहान अक्षरांत लिहायचं). ते स्ट्रिंग म्हणजे मजकूर आहे की नंबर म्हणजे संख्या, हे ते सांगतं. पानावरच्या चौकटीत गिऱ्हाईक किंवा दुकानदार जे लिहितो ते कोडकडे नेहमी स्ट्रिंग म्हणूनच येतं, दिसायला संख्या असली तरी. म्हणून "४८०" आणि "६२०" यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ११०० येत नाही, "४८०६२०" येतं. दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी चिकटवाव्यात तसं.

मजकुरातून संख्या काढताना

यासाठी तीन फंक्शन्स सर्रास वापरली जातात : नंबर, पार्सइंट आणि पार्सफ्लोट. कामात ती सारखी वाटतात, पण स्वभाव अगदी वेगळे.

पार्सइंट डावीकडून वाचत जातं, आकडे मिळताहेत तोवर घेतं आणि पहिलं वेगळं अक्षर आलं की तिथेच थांबतं. पार्सइंट("२५० ग्रॅम") लिहिलं तर २५० मिळतात, ही सोय झाली. पण पार्सइंट("१,२५०") लिहिलं तर १ मिळतो, आणि कुठलीही तक्रार न करता मिळतो. पार्सफ्लोट तसंच वागतं, फक्त दशांश चिन्ह त्याला कळतं.

नंबर कडक आहे. अख्खा मजकूर संख्या म्हणून वाचता आला तरच ते संख्या देतं, नाहीतर नॅन देतं. नॅन म्हणजे "नॉट अ नंबर", संख्या नसलेली संख्या. नंबर("१,२५०") चं उत्तर नॅन येतं आणि बिलावर ते ढळढळीत दिसतं. पैशाच्या कामात मला हा कडकपणाच हवा असतो. चुकीचा आकडा गुपचूप छापला जाण्यापेक्षा पान अडलेलं परवडतं.

त्यातही एक खाच आहे. नंबर("") चं उत्तर ० येतं. रिकामी चौकट आणि शून्य रुपये यांत त्याला फरक कळत नाही. चौकट अंकांसाठीच्या खास प्रकारची ठेवली तरी सुटका नाही, कारण तिला न पटणारा मजकूर कोडकडे रिकामी स्ट्रिंग होऊन येतो आणि पुन्हा तेच शून्य. म्हणून रिकामेपणा आधी वेगळा तपासायचा.

आता देवनागरी आकडे. मामांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, त्यातून १२५० देवनागरीतच टाइप होतात. नंबर आणि पार्सइंट दोघांनाही हे आकडे ओळखता येत नाहीत, दोघंही नॅन देतात. नमुना शोधताना आकड्यासाठी वापरतात ती बॅकस्लॅश-डी ही खूणसुद्धा फक्त इंग्रजी ० ते ९ धरते. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ आकडे त्याच्यापुढे ओळीनं आहेत. मग रिप्लेस फंक्शनला "देवनागरी ० ते ९ पैकी काहीही" असा नमुना द्या, सगळीकडे बदल होण्यासाठी शेवटी जी ही खूण लावा, आणि दुसऱ्या जागी एक छोटं फंक्शन द्या. ते चारकोडॲट लावून प्रत्येक आकड्याचा हा क्रमांक काढेल, त्यातून २४०६ वजा करेल आणि उरलेला इंग्रजी आकडा परत देईल.

सगळं मिळून माझ्या पानावर आज हा क्रम आहे. चौकटीतला मजकूर घेतला की आधी ट्रिम, म्हणजे मागच्या-पुढच्या रिकाम्या जागा जातात. मग देवनागरी आकडे इंग्रजी करायचे. मग रिप्लेसऑल(",", "") लावून स्वल्पविराम काढायचे. उरलेली स्ट्रिंग रिकामी असेल तर तिथेच थांबून "रक्कम लिहा" असं दाखवायचं. नसेल तर नंबर, आणि त्याच्या उत्तरावर नंबर.इजनॅन ही तपासणी. नुसतं इजनॅनही आहे, पण ते आधी स्वतःच मजकुराची संख्या करायला बघतं, म्हणून इजनॅन("पणजी") चं उत्तर खरं (ट्रू) येतं. नंबर.इजनॅन("पणजी") चं खोटं (फॉल्स) येतं, कारण पणजी ही स्ट्रिंग आहे, नॅन हे मूल्य नव्हे. संख्या करून झाल्यावर तपासायचं असेल तर नंबर.इजनॅनच वापरा.

पैसे, वजन आणि पूर्णांक

कन्सोलमध्ये १९.९९ गुणिले १०० करून बघा. १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं. जावास्क्रिप्टची संख्या आत दोनच्या घातांत साठवलेली असते आणि १९.९९ तिथे तंतोतंत बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही तसा. आता यावर मॅथ.फ्लोअर लावलं तर १९९८ मिळतात, एक पैसा गेला. मॅथ.राउंड लावलं तर १९९९ मिळतात. फ्लोअर खाली उतरवतं, सील वर चढवतं, राउंड जवळच्या पूर्णांकाकडे नेतं. उणे संख्यांत मात्र जपा : मॅथ.राउंड(-२.५) उणे २ देतं, उणे ३ नाही, कारण बरोबर अर्धा आला की ते मोठ्या संख्येच्या बाजूला वळतं. उधारी परत करताना, माल परत आल्यावर, असे उणे आकडे येतात.

माझा नियम : चौकटीतले रुपये आत आले की १०० नं गुणून राउंड करायचे आणि तिथून पुढे सगळा हिशेब पूर्ण पैशांत करायचा. दाखवतानाच परत रुपये करायचे.

दाखवण्यासाठी लोक टूफिक्स्ड(२) लावतात. त्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ते स्ट्रिंग देतं. "१२.५०" मध्ये ५ मिळवले की "१२.५०५" होतं, म्हणून ते हिशेबाच्या अगदी शेवटी. दुसरी, १.००५ ला टूफिक्स्ड(२) लावलं तर "१.००" येतं, "१.०१" नाही. कारण पुन्हा तेच, आत साठवलेली संख्या १.००५ पेक्षा किंचित कमी आहे.

मला बिलासाठी टूलोकेलस्ट्रिंग जास्त आवडतं. त्याला भाषेची खूण द्यायची असते. इंग्रजी-भारतची खूण, म्हणजे ईएन-आयएन, दिली तर लाख आणि हजाराचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं पडतात. मराठीची, म्हणजे एमआर-आयएन, दिली तर १२३४५६ चे थेट "१,२३,४५६" होतात, आकडेसुद्धा देवनागरीत. बिल एकदम घरचं वाटतं. पण हाही मजकूरच आहे, आणि तो परत नंबरमध्ये घातला की नॅन. हिशेबाची संख्या वेगळ्या नावात ठेवा, दाखवायचा मजकूर वेगळ्या नावात.

मराठी अक्षरं मोजताना

बिलाच्या छापील पट्टीवर नावांचा रकाना सरळ यावा म्हणून मी पॅडएंड वापरलं होतं. ठरावीक लांबी होईपर्यंत ते मजकुराच्या शेवटी रिकाम्या जागा भरतं. इंग्रजी नावांना रकाना सरळ आला, मराठी नावांना वाकडातिकडा. कारण लांबी मोजायची पद्धत. "मिरसांग" आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण लेंग्थ विचारली तर ७ येतात : म, वेलांटी, र, स, काना, अनुस्वार, ग. "तांदूळ" तीन अक्षरांचा, लेंग्थ ६. "सोलां" दोन, लेंग्थ ५. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना प्रत्येकी एक जागा मिळते.

स्लाइसही याच मापानं कापतं. "म्हापसा" चा स्लाइस(०, २) घेतला तर हाती "म्" लागतो, हलन्तासकट. स्प्लिट("") लावलं तर मात्रा सुट्या होऊन पडतात. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायची असतील तर इंटल.सेगमेंटर आहे. न्यू लावून मराठीची खूण द्या, ग्रॅन्युलॅरिटी (किती बारीक तोडायचं ते) ग्राफीम (दिसणारं अक्षर) ठेवा, सेगमेंट फंक्शनला मजकूर द्या आणि आलेल्या तुकड्यांची ॲरे.फ्रॉमनं यादी करून मोजा. हल्लीच्या मोठ्या ब्राउझरांत ते आहे, जुन्या फोनवर नसेल. जोडाक्षर एक धरायचं की दोन यात ब्राउझरच्या आवृत्तीप्रमाणे फरक पडू शकतो, म्हणून तुमच्याकडची नावं घालून बघा. रकान्यासाठी मी मात्र शेवटी पॅडएंड सोडून साधा तक्ता वापरला, आणि छापायला तोच बरा पडला.

शोधाच्या चौकटीनं मला याहून जास्त दमवलं. "दुसऱ्या प्रतीचे काजू" हा जिन्नस यादीत होता, पण इन्क्लूड्स लावून "दुसऱ्या" शोधलं तर खोटं यायचं. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. एकात ऱ हे एकच चिन्ह होतं, दुसऱ्यात र आणि खालचा नुक्ता अशी दोन. नॉर्मलाइज हे फंक्शन दोन्ही मजकुरांना लावलं की ते एकाच रूपात येतात आणि तुलना जुळते. पण काही कीबोर्ड हेच अक्षर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असं टाइप करतात. ते नॉर्मलाइजच्या आवाक्यात नाही, तो बदल रिप्लेसऑलनं स्वतः करावा लागतो. सुटा ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला ॲ यांचंही तसंच. मराठीत शोध लिहिणाऱ्या प्रत्येकानं ही सफाई सुरुवातीलाच एका जागी करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. मराठी शोध बिघडलेला असला की दोष भाषेच्या माथी मारला जातो, आणि ते मला बघवत नाही.

यादीवरची फंक्शन्स

बिल म्हणजे जिन्नसांची ॲरे, म्हणजे यादी. हिच्यावर चालणारी मॅप, फिल्टर आणि रिड्यूस ही त्रयी २००९च्या प्रमाण आवृत्तीपासून भाषेत आहे. मॅप प्रत्येक जिन्नसाचं काहीतरी करून तेवढ्याच लांबीची नवी यादी देतं. फिल्टर अटीत बसणारे ठेवतं. रिड्यूस सगळ्यांचं मिळून एक मूल्य करतं, आपल्या बाबतीत एकूण रक्कम. रिड्यूसला सुरुवातीचं मूल्य, म्हणजे ०, न चुकता द्या. ते न देता रिकाम्या बिलावर रिड्यूस चालवलं तर चूक येऊन पान थांबतं. ही तिन्ही मूळ यादीला हात लावत नाहीत.

फाइंड पहिला सापडलेला जिन्नस देतं, काहीच नसेल तर अनडिफाइन्ड, म्हणजे "मूल्यच नाही" अशी खूण. इंडेक्सऑफ जागा सांगतं, नसेल तर उणे १. या दोन "नाही"ंची गल्लत करू नका.

एक गंमत कन्सोलमध्ये जरूर करून बघा : "१०" तीनदा असलेल्या यादीवर मॅप(पार्सइंट). उत्तर येतं १०, नॅन, २. मॅप प्रत्येक वेळी मूल्यासोबत त्याचा क्रमांकही पाठवतं, आणि पार्सइंट दुसऱ्या जागी आलेल्या आकड्याला अंकपद्धतीचा पाया समजतं. शून्य म्हणजे नेहमीचा दहा, एक हा पाया चालत नाही म्हणून नॅन, आणि दोनच्या पायात "१०" म्हणजे २. मॅप(नंबर) लिहिलं तर ही अडचण येत नाही.

सॉर्टपाशी थोडं थांबू. ४८०, १२५०, ६२०, ९० या यादीवर नुसतं सॉर्ट चालवा. येईल १२५०, ४८०, ६२०, ९०. काही सांगितलं नाही तर सॉर्ट प्रत्येक गोष्ट मजकूर समजून पहिल्या अक्षरापासून लावतं. संख्यांसाठी त्याला दोन मूल्यांची वजाबाकी देणारं फंक्शन द्यावं लागतं. मराठी नावांसाठीही नुसतं सॉर्ट पुरत नाही, कारण ते युनिकोडच्या क्रमानं जातं. गोव्याचे बारा तालुके लावून बघितले तर काणकोणपासून सासष्टीपर्यंत सगळे योगायोगानं बरोबर येतात आणि आपल्याला वाटतं झालं काम. मग "ॲल्युमिनियमची कढई" सगळ्या यादीच्या तळाशी जाऊन बसते, आणि ळ येतो व च्या आधी. तुलनेच्या फंक्शनात लोकेलकंपेअर वापरा आणि त्याला मराठीची खूण द्या.

मूळ माल जागच्या जागी राहतो का, हा तिसरा प्रश्न इथे विचारायलाच हवा : सॉर्ट मूळ यादीच बदलतं. भावाप्रमाणे लावून दाखवायला गेलो आणि गिऱ्हाइकानं सांगितलेला क्रम कायमचा गेला, हे माझ्या पानावर झालेलं आहे. २०२३च्या आवृत्तीत टूसॉर्टेड आलं, ते नवी यादी देतं. जुन्या ब्राउझरसाठी आधी स्लाइस() नं प्रत काढा, मग सॉर्ट. स्लाइस आणि स्प्लाइस ही नावं सारखी वाटतात, पण स्लाइस प्रत देतं आणि स्प्लाइस मूळ यादीतून तुकडा काढून टाकतं.

तारखा

गोव्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, ६१ दिवस. त्या दिवसांत मामांकडे सुक्या मासळीची विक्री वाढते, म्हणून पानावर "बंदी सुरू" अशी पट्टी हवी होती. न्यू लावून डेटला वर्ष, महिना, दिवस असे आकडे दिले की तारीख बनते, पण महिने शून्यापासून मोजले जातात : जानेवारी ०, जून ५, जुलै ६. बंदी संपण्याच्या तारखेला मी सहजपणे ६ आणि ३१ लिहिलं, ते नशिबानं जुलै झालं. बंदी सुरू होण्याच्या तारखेला मात्र ६ आणि १ लिहिलं होतं, म्हणून पट्टी महिनाभर उशिरा लागली. आणि ५ बरोबर ३१ लिहिलं तर जूनला ३१ तारीख नसूनही चूक येत नाही, गुपचूप १ जुलै होतो.

आता १ जून आणि ३१ जुलै यांची वजाबाकी करा. उत्तर मिलिसेकंदात येतं, त्याला ८,६४,००,००० नं भागलं की ६० मिळतात. बंदी तर ६१ दिवसांची. वजाबाकी मधलं अंतर देते. दोन्ही टोकांचे दिवस मोजायचे असतील तर एक मिळवा. कापणी-लावणीचे दिवस मोजणारं माणूस बोटांवर हे बरोबर करतं, कोडमध्ये आपण विसरतो.

१ जून २०२५ ही तारीख टूआयएसओस्ट्रिंगनं लिहून बघितली तर ३१ मे दिसतो, पुढे १८:३० वाजता. कारण हे फंक्शन ग्रिनिचची वेळ लिहितं आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. आपल्याकडे मध्यरात्र झाली तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ. बिलाची तारीख या मजकुरातून कापून घेऊ नका. गेटफुलइयर, गेटमंथ (अधिक एक) आणि गेटडेट यांनी ती जोडा, एकेरी आकड्यांच्या आधी शून्य हवं असेल तर स्ट्रिंग करून पॅडस्टार्ट(२, "०"). गेटडे आणि गेटडेट वेगळे : गेटडे वार सांगतं, रविवार ०. गोवामुक्तीचा दिवस, १९ डिसेंबर १९६१, घालून बघा. महिन्याच्या जागी ११ द्या. उत्तर २ येतं, म्हणजे मंगळवार. आणि "०५/०६/२०२५" असा मजकूर डेटला कधी देऊ नका. आपण ५ जून म्हणतो, ब्राउझर ६ मे समजतो.

जपून ठेवताना

उधारीची यादी ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये ठेवता येते, पण तिथे फक्त मजकूर राहतो. म्हणून ठेवताना जेसन.स्ट्रिंगिफाय (यादीचा मजकूर करतं) आणि काढताना जेसन.पार्स (मजकुराची परत यादी करतं). तारखा या फेऱ्यात मजकूर होऊन परत येतात आणि त्यांच्यावर गेटमंथ चालत नाही, तेव्हा काढल्यावर प्रत्येक तारखेला पुन्हा न्यू डेट लावा. हे ग्रिनिचच्या वेळेसकट आलेलं पूर्ण रूप असल्यानं दिवस चुकत नाही. साठा पहिल्यांदा रिकामा असतो तेव्हा साठ्यातून काढणारं गेटआयटम नल, म्हणजे "काही नाही", देतं, त्याऐवजी रिकामी यादी धरायची सोय करा.

पान कुणाच्या हाती देण्याआधी या नोंदी स्वतः घालून बघा : स्वल्पविरामासह १,२५०, तेच देवनागरी कीबोर्डवरून, एक रिकामी चौकट, १९.९९, मागे रिकामी जागा सुटलेलं "फोंडा ", एकही जिन्नस नसलेलं बिल, आणि रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी केलेलं बिल. शेवटच्यासाठी संगणकाचं घड्याळ पुढे सरकवा, आणि झाल्यावर परत जागेवर आणायला विसरू नका.